कार्ड क्रमांक तीन

प्रश्न तोंडाने विचारायचा नाही, असं प्रशिक्षणात बजावलं होतं.
कार्ड हातात द्यायचं. त्यावर एकोणीस ओळी,
प्रत्येक ओळीआधी आकडा.
समोरच्यानं फक्त आकडा म्हणायचा,
म्हणजे आतल्या खोलीत टीव्ही बघणाऱ्याला
काही कळत नाही.

मार्चभर न्यूफाउंडलंडच्या या किनाऱ्यावर
मी बेचाळीस दारं वाजवली.
इथे पुढचं दार कुणी वापरत नाही,
ते पाद्र्यासाठी आणि शवपेटीसाठी.
मी मागूनच गेले. मला सगळे ओळखतात,
ओबडाया पिनची मधली मुलगी,
सरकारी कामाला लागलेली.

सायलस "सात" म्हणाला,
दुकानात सात खिळे मागावेत तसं.
मग "अकरा".
मग चहा ओतता ओतता,
"सात दोनदा लिहिता येतं का?"
येत नाही. चौकट एकच आहे.

फिलोमिनाने चष्मा लावला, कार्ड
पाककृतीसारखं वरून खाली वाचलं,
पुन्हा वर गेली.
तिची मुलगी पाठमोरी, भांडी विसळत होती.
"चौदा," फिलोमिना म्हणाली.
नळ बंद झाला.
"चौदा म्हणजे काय गं, आई?"
"वादळ."
वादळ दोन नंबरला आहे.
मी चौदा लिहिलं.
नळ पुन्हा सुरू झाला.

पुरुष चटकन बोलून मोकळे होतात असं मला वाटायचं.
मग लिअँडर भेटला,
अठरा वर्षं तेलविहिरीवर काढलेला,
दारातून वाकून आत येणारा.
त्यानं कार्ड उलटं धरलं
आणि कोऱ्या बाजूकडे बघत राहिला.
"हे लिही," म्हणाला. "कोरं."
नियमाप्रमाणे मी पुन्हा विचारलं.
कुत्र्यानं हनुवटी त्याच्या बुटावर ठेवली.
"नऊ. तेव्हा मीही नऊचाच होतो.
ते तुमच्या कागदात विचारत नाहीत."
विचारतात, पुढच्या पानावर.
पण मी पान उलटलं नाही,
त्याच्या मागे लागलेलं घड्याळ बघत बसले.

घरोघरी त्याच लोखंडी चुली,
त्यावर तीच किटली,
आणि खिडकीत बर्फाकडे तोंड करून
चिनी मातीची दोन कुत्री.
सहा घरांनी "काही नाही" म्हटलं.
त्यातल्या एकीनं, नव्वदीच्या कॅव्हेलनं,
मी निघताना बाही धरली:
"आपला पोरगा बुडाला, तर ते आपल्याला झालं म्हणायचं,
की त्याला?"
मी म्हटलं, तुम्हाला वाटेल तसं.
ती विचार करत राहिली. मग म्हणाली,
"त्याला. त्याचंच राहू दे ते."

आता सहकारी दुकानात रांगेत उभी राहते
तेव्हा डोकी मोजण्याची खोड लागलीय.
पिठाची पिशवी खांद्यावर घेतलेला, सात.
उधारी लिहिणारी, तीन आणि सोळा.
सुटे पैसे मोजणारा तो जाडजूड माणूस,
त्याला मी विचारलंच नाही,
तो यादीत नव्हता.
यादी चिठ्ठ्या टाकून काढतात, राजधानीत.
कुणाचंही नाव आलं असतं तरी
पेन्सिल फारशी रिकामी राहिली नसती.

सरावाच्या दिवशी आम्ही एकमेकींनाच विचारलं होतं.
मी म्हटलं, दोन.
समोरच्या मुलीनं लिहून घेतलं, आणि हसून म्हणाली,
वादळ काय, इथे सगळ्यांनाच.

शेवटचा प्रश्न असा असतो:
या मुलाखतीचा तुम्हाला त्रास झाला का?
बहुतेक सगळे नाही म्हणाले.
मदतीचा फोन नंबर छापलेला कागद
घड्या घालून खिशात ठेवला,
आणि जाताना मला पावाची लादी दिली, जॅम दिला.
गाडीच्या डिकीत अकरा बरण्या
वळणावळणाला एकमेकींवर आपटतात.

फॉर्म टपालाने गेले. कार्ड परत मागितलेलं नाही.
बेचाळीस घरं फिरून त्याचे कोपरे
जुन्या नोटेसारखे मऊ झालेत.
मधल्या ओळींजवळ, डाव्या कडेला,
लोण्याचे, काजळीचे, ओले अंगठे
एकावर एक बसून
एक तपकिरी डाग पडलाय.
कुणाचा कुठला, ते आता सांगता येत नाही.
मी ते फळीवर, बरण्यांच्या मागे ठेवलंय.
कोरी बाजू बाहेर.